वाल्याचे वारूळ आणि 'युफोरिया'



माउली, या वेळी एका इंग्रजी मालिकेवर लिहितो आहे. तिचे नाव 'युफोरिया'. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसेल. सहकुटुंब बसून पाहावी अशी ती मुळीच नाही, हेही आधीच सांगून टाकतो. पण अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, ज्या घरांत संध्याकाळी हरिपाठ होतो त्याच घरांत, आतल्या खोलीत, कानात इअरफोन घालून सोळा-सतरा वर्षांची नातवंडे ही मालिका पाहतात. आपण बाहेर टाळ वाजवतो आणि आत काय चालले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. म्हणून मी ती पाहिली. पहिले दोन सीझन पाहिले, नातीला अर्थ विचारत विचारत पाहिले.

गोष्ट अमेरिकेतली. रू नावाची सतरा वर्षांची मुलगी. वडील कर्करोगाने आजारी असताना त्यांच्या वेदनाशामक गोळ्या ती चोरून घेऊ लागते. वडील जातात, गोळ्या राहतात. एकदा जास्त मात्रा होऊन ती बेशुद्ध पडते आणि धाकटी बहीण जिया तिला त्या अवस्थेत पाहते. मग व्यसनमुक्ती केंद्र, मग घरी परत. आणि घरी परतल्या दिवशीच ती प्रेक्षकाला स्पष्ट सांगते की सोडायचा तिचा काही विचार नाही. २०१९ साली ही मालिका सुरू झाली. मूळ इस्रायलमधल्या त्याच नावाच्या मालिकेवरून ती घेतलेली आहे. तिचा लेखक-दिग्दर्शक सॅम लेव्हिन्सन स्वतः पोरवयात व्यसनात होता आणि ते त्याने उघडपणे सांगितले आहे. रूचे काम करणाऱ्या झेंडाया या अभिनेत्रीला २०२० आणि २०२२ अशी दोनदा एमी पारितोषिके मिळाली.

आता दोष. पहिला आणि मोठा दोष असा की मालिकेला स्वतःच्या देखणेपणाची फार हौस आहे. जांभळा-निळा प्रकाश, डोळ्यांखाली चमकी, संथ फिरणारा कॅमेरा. मुलगी नशेत चालते आहे आणि खोलीच तिच्याभोवती फिरू लागते, असे दृश्य डोळ्यांना सुखावते. पोरांनी त्यातली चमकी उचलली, हे बाजारात जाऊन कोणीही पाहावे. उघडेवाघडेपणा तर गरजेपेक्षा किती तरी जास्त आहे. शाळकरी मुलांच्या गोष्टीत तो इतका कशासाठी, याचे उत्तर मला मिळाले नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या 'डेअर' या व्यसनविरोधी प्रचार करणाऱ्या संस्थेने मालिका व्यसनाचे उदात्तीकरण करते असा आक्षेप घेतला होता. तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. त्यातच फेझ नावाच्या पुरवठादार मुलाचे काम करणारा तरुण नट अँगस क्लाउड २०२३ च्या जुलैमध्ये, पंचविसाव्या वर्षी, अमली पदार्थांच्याच मिश्रणाने गेला. ते कळल्यावर त्याची दृश्ये पुन्हा पाहवत नाहीत.

तरीही मी ही मालिका टाकून द्या असे म्हणणार नाही. का, ते सांगण्यासाठी आधी आपल्या घरातल्या गोष्टींकडे वळावे लागेल.

व्यसनी माणसाची गोष्ट म्हटली की मराठी मनात एकच नाटक उभे राहते. 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यात रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. आमच्या आजोबांच्या पिढीने सिंधूसाठी जितके अश्रू ढाळले तितके सख्ख्या लेकीसाठी ढाळले नसतील. नाटक थोर आहेच. पण त्यातून आपण काय घेऊन घरी आलो? सुधाकर हुशार वकील, अपमानाने खचतो, तळीराम हातात पेला देतो. पुढे सुधाकर शपथही घेतो. दारू सोडून, लाज गिळून कामधंदा मागायला ओळखीच्यांकडे जातो आणि लोक त्याची टर उडवतात. तिथून तो पुन्हा पेल्याकडे जातो. शेवटी मूल जाते, सिंधू जाते, आणि सुधाकर विष घेतो.

शपथ मोडली की संपले. हे सूत्र आपल्या हाडात शिरले आहे. बंगालीतला देवदास घ्या, तोही दारूने मरतो. १९७१ साली देव आनंद यांचा 'हरे रामा हरे कृष्णा' आला. त्यातली काठमांडूतली वाट चुकलेली बहीण शेवटी जीव देते. (त्या चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात चिलमीचा झुरका आणि भगवंताचे नाव एका दमात बांधले होते आणि आपल्याच लग्नांच्या मांडवांत बँडवाले ते वर्षानुवर्षे वाजवत आले. त्याबद्दल आपण कधी रागावलो नाही. असो.) याला उत्तर देणारे एक मराठी चित्र होते. देवदासाच्या मरणाला जबाब म्हणून शांतारामबापूंनी १९३९ मध्ये 'माणूस' काढला. जगणे हे प्रेमभंगापेक्षा मोठे आहे, असे सांगणारा. त्यातल्या हवालदाराचे काम करणारे शाहू मोडक दुसऱ्याच वर्षी पडद्यावर ज्ञानोबाराय झाले, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. पण लोकांच्या मनात 'माणूस' मागे पडला आणि सुधाकर राहिला.

हे केवळ नाटक-सिनेमाचे गाऱ्हाणे नाही. घाटकोपरच्या बाजूला एका सप्ताहात कीर्तन संपल्यावर एक माउली खांबाजवळ थांबून राहिली होती. त्या दिवशीच्या महाराजांनी व्यसनी पोरांवर तासभर आसूड ओढला होता, भूमीला भार वगैरे. मंडप हसला, टाळ्याही पडल्या. ही बाई हसली नव्हती. तिचा मुलगा अठरा वर्षांचा. आधी 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या, मग एमडी. घरच्यांनी कर्ज काढून उपचार केले होते. मला म्हणाली, "दोन महिने चांगला होता हो बुवा. परवा पुन्हा घेतलं त्यानं. आता काही उपयोग नाही ना?" त्याचे वडील मंडळात पखवाज वाजवत. लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी येणे बंद केले होते.

'आता काही उपयोग नाही ना?' या प्रश्नात शंभर वर्षांचा 'एकच प्याला' भरलेला आहे.

आपल्या कीर्तनांतला नेहमीचा दृष्टान्त वाल्याचा. तो आपण कसा सांगतो पाहा. नारद भेटतात, घरी जाऊन विचार म्हणतात, बायकापोरे पापात वाटा घ्यायला नकार देतात, वाल्याचे डोळे उघडतात, आणि पुढच्या वाक्यात वाल्मीकी ऋषी तयार! मध्ये जे वारूळ आहे ते आपण एका ओळीत उरकतो. वारूळ काय एका रात्रीत होते का? मुंग्या मातीचा एकेक कण आणतात. त्या काळात वाल्याचे काय झाले? किती वेळा उठून जावेसे वाटले? हात जुन्या कुऱ्हाडीकडे गेला का? नाव तरी त्याला सरळ घेता आले कुठे, उलटे घेऊनच त्याने सुरुवात केली. आणि नारद? ते उपदेश करून निघून गेले हे आपण सांगतो, पण ते परत आले हे सांगताना आपली घाई झालेली असते. वारूळ फोडून त्याला बाहेर काढणारे कोणी तरी लागले.

'युफोरिया'तले सगळे भले आहे ते या वारुळात आहे. मालिका सुधारण्याची गोष्ट सरळ रेषेत सांगत नाही. रू सोडते, घेते, खोटे बोलते, पुन्हा सोडते. दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग पाहताना मला तीनदा थांबवावे लागले. आईला लपवलेला साठा कळतो, रू दार फोडते, आईला आणि बहिणीला न ऐकवणारे शब्द बोलते, मग रस्त्यांवरून पळत सुटते. अंगात माल नसल्याने शरीर पिळवटते आहे, घाम, ओकाऱ्या, थरथर. तिथे चमकी नाही, जांभळा प्रकाश नाही. आपल्याकडच्या केंद्रांत या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. ज्याने ती घरात पाहिली आहे त्याला या भागात काही खोटे सापडणार नाही. असे मूल 'मुद्दाम' करते असे म्हणणाऱ्या काका-मामांना हा भाग दाखवावा.

पण माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे. तो पहिल्या दोन सीझनच्या मधला, डिसेंबर २०२० मध्ये आलेला. त्यात काहीच घडत नाही. नाताळच्या आदल्या रात्री एका साध्या खाणावळीत दोन माणसे समोरासमोर बसून तासभर बोलतात, बस्स. एक रू. दुसरा अली, मध्यमवयीन, स्वतः एके काळी व्यसनात बुडालेला, आता अनेक वर्षे त्यातून बाहेर असलेला. धर्माने मुसलमान. कोलमन डोमिंगो या नटाने हे काम असे केले आहे की तो नट आहे हे विसरायला होते. रू येते तेव्हा नशेतच असते. अलीला ते दिसते. तो तिला हाकलत नाही आणि चालवूनही घेत नाही. दिसते आहे एवढे सांगतो आणि बसून राहतो. पुढे ती कबूल करते की आपण आईवर काचेचा तुकडा उगारला होता, त्याला क्षमा नाही. तेव्हा अली तिला धीराची चार वाक्ये ऐकवत नाही. तो स्वतःचे सांगतो. मुलींच्या देखत त्याने बायकोवर हात उचलला होता. उपदेश करणाऱ्याने आधी आपले उघडे करावे, ही रीत आपल्याला नवी नाही. तुकोबारायांनी आपले दोष जगापुढे मांडताना काय राखून ठेवले होते? गाथा चाळावी. आपण मात्र व्यासपीठावर चढलो की जन्मतः शुद्ध असल्यासारखे बोलतो.

अली ज्या परंपरेतून येतो ती १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. दारू सुटलेल्या दोन माणसांनी एकमेकांना धरून राहायचे ठरवले, त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. पुढे अमली पदार्थांसाठी तशीच दुसरी संघटना निघाली. आज मुंबईतही त्यांच्या सभा भरतात, मराठीतही भरतात. त्यांची पहिली पायरी काय? माझ्याने हे होत नाही, मी हरलो, हे कबूल करणे. नंतरची पायरी, माझ्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकणे. आपण याला शरणागती म्हणतो. आणि त्यांचा नियम असा की जन्मभराची शपथ घ्यायची नाही. फक्त आजचा दिवस. आळंदीहून निघालेला वारकरी पंढरपूरचा विचार करून चालू लागला तर दिवे घाटातच बसेल. तो आज सासवड म्हणतो, पुढचा मुक्काम जेजुरी, मग वाल्हे. सुधाकराची शपथ जन्मभराची होती. म्हणून ती एका अपमानात मोडली.

कोणी म्हणेल, परक्यांच्या मालिकेत ज्ञान शोधायला कशाला जाता? हे ज्ञान महाराष्ट्रातही आहे, आणि चाळीस वर्षांपासून आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्राउन शुगर, म्हणजे आपल्या बोलीत गर्द, मुंबईत उतरली. त्याच काळात, जानेवारी १९८२ मध्ये, गिरण्यांचा संप सुरू झाला होता. आपल्यातल्या अनेक भजनी मंडळांची घरे तेव्हाच विस्कटली. पन्नीवर गर्द ओढणाऱ्या पोरांवर अनिल अवचट यांनी लिहिले, 'गर्द' हे त्यांचे पुस्तक आले. त्यांचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तिथेच मनोविकारतज्ज्ञ होत्या. तिथे व्यसनी माणसाला रुग्णमित्र म्हणतात. बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते होतात, बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. आणि वांद्र्यात त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन काढले. हे पाद्रीबाबा योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. व्यसनातून उठलेल्यांना ते आसने शिकवत. देव कोणाच्या हाताने काम करून घेईल हे आपण ठरवू नये.

आपल्या संप्रदायातही काम झाले आहे. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाने गावोगावच्या हजारो तरुणांच्या गळ्यात माळ घातली. माळ घातली की मद्य-मांस सुटते, आणि ज्याची सुटली त्याच्या घरी जाऊन पाहा, ती काय चीज आहे ते कळेल. पण माळ घातल्यावर ज्याचा पाय घसरला त्याचे काय, हा प्रश्न आपण टाळतो. दोरा तुटला तर नवी माळ गळ्यात येईपर्यंत अन्न न घेणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांना कोणी पाखंडी म्हणत नाही. माळ तुटते, ओवायची आणि घालायची. मग व्रत तुटलेल्या पोराला मंडळात यायला लाज का वाटावी? आणि खरे बोलायचे तर दिंडीत चालताना कमरेच्या पिशवीत चुना-तंबाखूची डबी कितीजणांच्या असते? मिश्री लावल्याशिवाय सकाळी पाऊल न उचलणाऱ्या माउल्या किती? तंबाखू ती आपली आणि एमडी ती त्यांची, असे शरीर मानत नाही. 'नामाची नशा' हा शब्द आपण सहज वापरतो, तोही मला हल्ली खटकतो. नशेने माणूस घरच्यांना विसरतो. नामाने ती दिसू लागली पाहिजेत.

मालिका जिथे कमी पडते ते इथेच सांगतो. रूला अली आहे, आई आहे, बहीण आहे. पण मंडळी नाही. शेजार नाही, ओटा नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्यात जाऊन बसावे असे पंधरा-वीस लोक नाहीत. तिच्या आईला मुलीसाठी केंद्रात जागा मिळत नाही म्हणून ती फोनवर विनवण्या करते, ते दृश्य फार खरे आहे, आणि त्या घरात तिच्या मदतीला कोणीच येत नाही. आपल्या भटवाडीत, असल्फ्यात, मुलुंडच्या जुन्या चाळींत मंडळी आहे. फक्त असा प्रसंग आला की त्या घराचे दार आतून बंद होते आणि आपण बाहेरून ठोठावत नाही.

ठोठावणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ठाऊक करून घ्याव्यात. दारू किंवा गोळ्या एकदम बंद करून पोराला खोलीत कोंडणे जिवावर बेतू शकते, फिट येतात, म्हणून डॉक्टर हवाच. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. तेव्हा पुन्हा पूर्वीइतकी मात्रा घेतली तर जीव जातो. म्हणून घसरलेल्याला हाकलू नये, त्या वेळी तर नाहीच. पोलिसांची भीती घालून घेणारी घरे पुष्कळ आहेत. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाची एक शाखा घाटकोपरला आहे, एक कांदिवलीला. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच कलम ६४अ आहे. स्वतःच्या सेवनासाठी थोडका माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळते. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २०१५ पासून या कायद्याखाली आहे. सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे.

दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात, त्या भयंकर पळापळीनंतर, रू अलीला फोन करून माफी मागते. अली प्रवचन द्यायला येत नाही. तो भाजी-सामान घेऊन त्यांच्या घरी येतो आणि स्वयंपाक करतो. कांदा चिरताना धाकट्या जियाशी बोलतो, कारण तोवर तिच्याशी कोणी बोललेलेच नसते. तुला राग येतो का, असे विचारतो. तिला राग येण्याची मुभा देतो. मग चौघे जेवायला बसतात. हा भाग आणि खाणावळीतल्या संवादाचा तो एक तास, एवढेच पाहिले तरी चालेल, बाकीचे सोडून द्या. इंग्रजी पटकन कळत नाही म्हणून थांबू नका. नातवाला किंवा नातीला शेजारी बसवा आणि अर्थ विचारा, मध्येच थांबवून विचारा. माझ्या नातीने मला तीन वेळा पुन्हा लावून दाखवले, आणि चौथ्यांदा तिनेच थांबवले, तिला काही तरी सांगायचे होते.